अंगावर आलेली खार

घरातला प्राणी आपल्याला काय समजतो, यावर आपली घरातली पायरी ठरते. कुत्रं आपल्याला मालक समजतं, म्हणून त्याला फिरवताना आपण जरा छाती काढून चालतो. मांजर आपल्याला कामाला ठेवलेला गडी समजतं आणि त्या कामावरही ते फारसं खूश नसतं. काचेच्या पेटीतले मासे आपल्याला काहीच समजत नाहीत. खारीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. खार आपल्याला झाड समजते. एवढं कळलं की तिला हाताळायचं निम्मं शास्त्र हाती लागतं. उरलेलं निम्मं पोटऱ्यांवर, पाठीवर आणि मानेवर उमटतं आणि त्यावर रात्री हळद लावावी लागते.

नागपुरात खार घरात शिरण्याचा राजमार्ग म्हणजे कूलर. होळीच्या सुमाराला घरोघरचे कूलर झाडून पुसून उन्हाळ्याला तयार केले जातात. आठ महिने निजलेल्या त्या यंत्राच्या जाळीत जुनं गवत असतं, आणि त्या गवतात खारीनं बाळंतपणाची खोली थाटलेली असते. आत कापूस, नारळाच्या शेंड्या, पायपुसण्याचे धागे आणि आमच्या बाबतीत आईच्या हरवलेल्या लोकरी मफलरचा बराचसा भाग होता. कूलरवाल्यानं जाळी उचकटली, आत डोकावला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, याच्यात पोट्टे हायेत."

पोट्टे तीन होते. गुलाबी, मिटल्या डोळ्यांचे, करंगळीएवढे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असा एक समज आहे. खारीला तो मान्य नाही. पिल्लं खोक्यात घालून घरट्याजवळ ठेवली आणि माणसं तिथून हलली, की ती येते आणि एकेकाला तोंडात धरून दुसऱ्या जागी नेते. आमचीही आली. दोघांना घेऊन गेली. तिसऱ्यासाठी आम्ही दाराआडून अंधार पडेपर्यंत पाहत राहिलो, पण एव्हाना कठड्यावर कावळे आणि खाली शेजारचा बोका अशी नाकेबंदी झाली होती. ती काही फिरकली नाही. तिसरी राहिली. लेकीनं तिचं नाव टिंगी ठेवलं, आणि नाव ठेवलेली वस्तू घराबाहेर काढता येत नाही हा आमच्या घरचा जुना नियम आहे.

देशाचा नियम वेगळा आहे. अंगणात रोज दिसते म्हणून खार घरची होत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं जे जग आखलं, त्यात ती वन्यप्राण्यांच्या बाजूला येते, तेव्हा हौसेनं पकडून पिंजऱ्यात घालायचा तो प्राणी नाही. जखमी किंवा पोरक्या वन्यप्राण्यांसाठी नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे आणि अशा वेळी पहिला फोन तिथे करायचा असतो. तो केला, पशुवैद्याला विचारलं, आणि पिल्लू स्वतःचं खाऊ लागेपर्यंत सांभाळायचं, मग झाडावर सोडायचं असं ठरलं. म्हणजे टिंगी आमच्याकडे तात्पुरती होती. आमच्या घरात तात्पुरत्या म्हणून आलेल्या वस्तूंत एक लोखंडी कपाट, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि माझा मेहुणा आहे.

खारीच्या पिल्लाचं पहिलं संकट म्हणजे दूध. गाईचं दूध त्याला सोसत नाही, हगवण लागते. पशुवैद्यानं कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर लिहून दिली. हे ऐकून आईनं कपाळावर हात मारला. "रामाच्या खारीला कुत्र्याचं दूध? घरात गाईचं असताना?" पाठीवर खुद्द प्रभूंची बोटं उमटलेल्या जीवाला हे पाजणं तिला बघवत नव्हतं, म्हणून पावडरीचा डबा तिनं देवघराकडे पाठ करून ठेवला. दूध पाजायचं ते बिनसुईच्या एक मिलीच्या सिरिंजनं, थेंब थेंब, पिल्लाला पोटावर ठेवून. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं, तर दूध नाकात जातं आणि नाकातून फुप्फुसात. आणि त्याच्याही आधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचतच नाही, तेव्हा आधी गरम पाण्याची पिशवी, तीवर फडकं, फडक्यावर टिंगी, आणि मग भोजन.

दुसरं संकट भोजनानंतरचं. डोळे न उघडलेल्या पिल्लाला आपली आपण शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ते होतं. आम्हा पाच माणसांत चाटायला कुणी तयार नव्हतं. पर्याय म्हणून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं दर दुधानंतर हळुवार पुसायचं असतं. हे खातं बाबांनी मागून घेतलं. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. त्यांनी वही आखली. वेळ, दूध किती मिली, शू झाली किंवा नाही, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. पहाटे तीनच्या नोंदीपुढे 'समाधानकारक' असा शेरा आणि खाली सही असे. माझ्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी असा शेरा कधी मारला नव्हता.

मग डोळे उघडले. अंगावर केस आले, पट्टे आले, शेपटी फुलली, आणि एके सकाळी टिंगीनं समोर उभ्या असलेल्या माझ्याकडे नीट बघून मला झाड ठरवलं.

खारीच्या मागच्या पायांचे घोटे उलट्या दिशेला फिरतात. म्हणूनच ती डोकं खाली करून बुंध्यावरून सरसर उतरू शकते. हे पुस्तकात वाचताना निसर्गाचं कौतुक वाटतं. हेच आपल्या अंगावर घडतं तेव्हा कौतुकाचा क्रम जरा मागे पडतो. ती पायजम्यावरून चढते. गुडघ्याशी एक थांबा. तिथे मान वाकडी करून पुढचा रस्ता मोकळा आहे का ते बघते. मग एका दमात पाठ, खांदा आणि कानामागे मुक्काम. कानात मिशा वळवळतात. हसू येतं, पण हसायचं नाही, कारण झाडं हसत नाहीत, आणि हललेल्या झाडाला ती नखं आणखी खोल रुतवते. शेवटी डोक्यावर बसून चारी दिशांचा अंदाज घेते आणि उतरायचा सगळ्यात जवळचा रस्ता धरते. तो आपल्या चेहऱ्यावरून जातो.

हाताळायचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. वरून झडप घालून उचलायचं नाही, कारण वरून येते ती घार, अशी खारीच्या सात पिढ्यांची समजूत आहे. शेपटी तर कधीच धरायची नाही. जोर लागला तर शेपटीची कातडी सुटून हातात येते, आणि पालीसारखी तिला नवी फुटत नाही. तळहात उघडा ठेवून थांबायचं. यायचं असेल तर ती येते. नसेल यायचं तर हात तसाच धरून कितीही वेळ बसलात तरी तुमची भाग्यरेषा तेवढी हवेशीर होते. कापडाच्या बाबतीत टिंगीची पसंती ठाम होती. पहिला नंबर बाबांच्या खादीचा, दुसरा आईच्या सुती लुगड्याचा. नायलॉनवरून ती एकदाच घसरली आणि त्या दिवसापासून बायकोच्या गाऊनकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. बायकोनं आणखी तसेच दोन गाऊन घेतले.

या झाड होण्याचा एक फायदाही झाला. एक विमा एजंट आमच्याकडे वर्षभर चकरा मारत होता. त्या दिवशी सोफ्यावर बसून, माणसाच्या जीवनात पुढच्या क्षणी काय होईल सांगता येत नाही, हे तो मला तळमळीनं पटवून देत होता. नेमकी त्याच क्षणी टिंगी त्याच्या पँटच्या पायात शिरली. इतक्या उत्तम दाखल्यानंतर पॉलिसी खपायला हवी होती. पण तो कागदपत्रं तिथेच टाकून गेला, आणि नंतर त्यानं ती माणूस पाठवून मागवून घेतली.

आता दात. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात. ते झिजवले नाहीत तर इतके वाढतात की तोंड मिटेनासं होतं, म्हणून कुरतडणं ही तिची खोड नव्हे, दिनचर्या आहे. रात्री स्वतःची कवळी ग्लासात ठेवताना बाबा टिंगीच्या नारिंगी दातांकडे ज्या नजरेनं बघत, तीत वात्सल्य होतं तशी थोडी असूयाही होती. तिला कुरतडायला बाभळीच्या डहाळ्या, नारळाच्या करवंट्या असा सरंजाम मांडला होता. तो सोडून तिनं चार्जरच्या दोन वायरी, लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकातला विदर्भ आणि आमच्या लग्नाच्या अल्बमचा कोपरा संपवला. त्या कोपऱ्यात मेहुणा होता, ही बाब बायकोनं मनावर घेतली. टीव्हीच्या रिमोटवरचं आवाज वाढवायचं बटण तिनं खाल्लं आणि कमी करायचं ठेवलं. आईच्या मालिकांतल्या सासवा त्यानंतर बऱ्याच मवाळ झाल्या. वायरींचा विषय मात्र बाबांनी तत्त्वाचा केला. 230 व्होल्ट म्हणजे काय हे त्यांनी टिंगीला आणि आम्हाला बसवून सांगितलं, आणि मग घरातली प्रत्येक वायर पीव्हीसीच्या पाइपातून नेली. घराला सबस्टेशनची कळा आली, पण खारीला झटका बसला नाही. आम्हाला बसला तो पाइपांच्या बिलाचा.

खाण्याबद्दल सगळ्यांची एकच कल्पना असते की खारीला शेंगदाणे टाकले की झालं. टिंगीचंही तेच मत होतं. पशुवैद्याचं नव्हतं. नुसत्या शेंगदाण्यांवर आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेल्या खारीला कॅल्शियम कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात, आणि उड्या मारणारा जीव फरशीवर सरपटू लागतो. म्हणून शेवग्याची पानं, पेरू, गाजर, सकाळचं कोवळं ऊन, आणि कुरतडायला समुद्रफेस. नागपूरपासून समुद्र कितीतरी लांब. बाबांनी इतवारीत काष्ठौषधींची दुकानं पालथी घालून समुद्रफेस मिळवला. दुकानदारानं विचारलं, कान फुटलाय का? बाबा म्हणाले, नाही, खारीला हवाय. दुकानदारानं पुढे काही विचारलं नाही, पैसे मात्र आधी घेतले.

आईची समजूत होती की रामाची खार म्हणजे शुद्ध शाकाहारी. आषाढी एकादशीच्या सकाळी, आई उपासाच्या भगरीला फोडणी देत असताना, टिंगीनं खिडकीतून आलेला एक नाकतोडा धरला, देव्हाऱ्यासमोर मागच्या पायांवर बसली आणि दोन्ही हातांत धरून डोक्याकडून सावकाश सोलून खाल्ला. खारी किडे खातात, त्यातून त्यांना प्रथिनं मिळतात, हे मी आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, "खाऊ दे बापा. पण एकादशीला?"

जे खाल्लं जात नसे ते पुरलं जाई. झाडाला ढोली असते आणि ढोलीत ठेव ठेवायची असते, एवढं तिला उपजत ठाऊक होतं. आमच्या घरात ढोल्या भरपूर निघाल्या. बुटांत हरभरे, दप्तरात बदाम, गादीच्या खोळीत भोपळ्याच्या बिया. बाळकृष्णाच्या मागे शेंगदाण्यांची रास सापडली, तेव्हा एकादशीचा अपराध आईनं माफ केला. माझ्या हेल्मेटमध्येही एक खातं उघडलेलं होतं. झाशी राणी चौकात सिग्नलला ब्रेक लावला आणि कपाळावरून शेंगदाणा घरंगळत नाकावर आला. शेजारच्या स्कूटरवरचा गृहस्थ बघत होता. सिग्नल हिरवा होण्यापूर्वी मी तो खाऊन टाकला.

आवाजाबद्दल आधी कुणी सांगत नाही. खारीचं अंग जेमतेम शंभर ग्रॅमचं, पण धोका दिसला की तिचं 'चिक् चिक् चिक्' सुरू होतं, दर चिक् ला शेपटीला एक झटका, आणि धोका टळल्यावरही बराच वेळ ते चालतं. बोक्यासाठी ही सूचना योग्यच होती. टिंगीच्या यादीत बोक्याखेरीज कुकरची शिटी, माझी ऑनलाइन मीटिंग आणि वरच्या मजल्यावरच्या काकूही होत्या. काकू दारात आल्या की ती पडद्याच्या दांडीवरून त्यांच्या नावानं ओरडा करी. "काऊन ओरडून राहिली हे माझ्यावर?" काकू विचारत. आम्ही म्हणायचो, स्वागत करते. त्या एकादशीच्या आधी, मे महिन्यात, पारा 45च्या आसपास गेला होता आणि एका दुपारी ती स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर पोट टेकून, चारी पाय चार दिशांना ताणून निपचित पडलेली दिसली. घरात रडारड झाली. बाबांनी नाडी बघायला बोट पुढे केलं आणि तिनं ते चावलं. उन्हाळ्यात खारी गार जागी अशाच पालथ्या पडतात, अंगातली उष्णता पोटावाटे फरशीला देतात. त्या आठवड्यापासून दुपारी बाबाही तिच्या शेजारी तसेच पडू लागले.

चाव्यावरून वसाहतीत बैठक बसली. काकूंचं म्हणणं, पोटात चौदा इंजेक्शनं. ती पद्धत कधीच इतिहासजमा झाली आहे, आणि खारीसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज अगदी क्वचित आढळतो. तरी रानटी प्राण्याचा चावा तो चावाच, म्हणून जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली धुतली आणि बाबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्यानंतर वसाहतीतला दुसरा वाद निघाला, की ही खार तीन पट्ट्यांची की पाच पट्ट्यांची? दक्षिणेकडे तीन पट्ट्यांची, उत्तरेकडे पाच पट्ट्यांची, आणि महाराष्ट्रात दोन्ही सापडतात. रामानं तीन बोटं फिरवली तर पाच पट्टे आले कुठून, यावर एका निवृत्त मास्तरांनी दोन पट्टे नंतरच्या काळातले, प्रक्षिप्त असावेत असं मत दिलं. निकाल लागला नाही. पट्टे मोजायला ती एका जागी बसायला हवी ना.

खार पाळायचा मोह नवा नाही आणि आपल्यापुरताही नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हान्स होल्बाइननं 1526 ते 1528च्या दरम्यान रंगवलेलं एका बाईचं चित्र आहे. तिच्या हातावर साखळीनं बांधलेली खार दाणा खाते आहे, आणि बाईच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नाही. अमेरिकेत जॉन सिंगल्टन कॉप्लीनं 1765 साली सावत्र भावाचं चित्र काढलं, त्यातही उडती खार आणि तिला सोन्याची साखळी. बेंजामिन फ्रँकलिनचा किस्सा तर खासच. त्यांनी इंग्लंडमधल्या एका बिशपच्या मुलींना अमेरिकेतून खार मागवून दिली. मुंगो तिचं नाव. ती एक दिवस पिंजऱ्यातून निसटली आणि कुत्र्यानं तिला मारलं. 1772 साली फ्रँकलिननी तिच्यासाठी मृत्युलेख लिहिला, आणि त्यात जास्तीच्या स्वातंत्र्याची हाव धरू नये असा धडाही काढला. चार वर्षांनी, 1776 साली, त्याच हातानं त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. माणूस स्वतःसाठी एक नियम लावतो आणि खारीसाठी दुसरा. आणि नुसतं सोडून दिलं म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. 1898 साली आपल्याकडची पाच पट्ट्यांची खार ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयाजवळ सोडली गेली. तिचे वंशज आजही तिथल्या बागांत आहेत, व्हिसाची चौकशी न होता.

टिंगीला तिच्याच मुलखात सोडायचं होतं, तरी तेही एका दिवसात होत नाही. माणसांत वाढलेली खार बोक्यालाही झाड समजली तर संपलंच. आधी गच्चीत मोठी जाळी, मग दिवसा जाळीचं दार उघडं, मग अंगणातल्या कडुलिंबाशी ओळख. सुरुवातीला ती संध्याकाळी परत येई आणि रात्रीपुरती बाबांच्या खिशात झोपे. मग फक्त सकाळच्या खाऊला. मग तेही नाही. आम्ही खाली उभे राहून हाका मारायचो, तर वरून तीच 'चिक् चिक्' ऐकू यायची, म्हणजे यादीत आम्हीही आलो होतो. बाबांनी वहीत शेवटचा शेरा लिहिला: 'स्वयंपूर्ण. सेवा समाप्त.'

तेव्हा ज्यांना खार पाळायची हौस आहे त्यांना माझा सल्ला एवढाच, की खारीला माणूस नको असतो, झाड हवं असतं. नाइलाज म्हणून ती आपल्यावर चालवून घेते. मग सरळ झाडच का लावू नये? जांभूळ लावा, पेरू लावा, कडुलिंब लावा. चार-सहा वर्षांत खारी आपणहून राहायला येतात. दूध नको, कापसाचा बोळा नको, समुद्रफेस नको, कायद्याची भीती नको आणि रात्री हळदही नको. फक्त एक काळजी घ्या. त्या झाडाखाली चारचाकी लावू नका. इंजिनाची ऊब आणि बॉनेटखालच्या वायरी या दोन्ही गोष्टी खारींना फार आवडतात, असं आमचा मेकॅनिक सांगत होता. बिल देताना त्यानं आस्थेनं विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी शेंगदाणे नाहीत का?"